दिवसा दिवा लावून येणारी लाँच

भाटघरच्या पाण्याकाठी तुम्ही लाँचची वाट बघत बसला आहात. लख्ख ऊन आहे. आणि पलीकडून येणाऱ्या लाँचचा पुढचा दिवा चालू आहे. तुमच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघेल?

आमच्या काठावर तो ठरलेला आहे. दिवसा दिवा म्हणजे लाँचवर मयत. भोरला नाहीतर पुण्याला दवाखान्यात नेलेलं माणूस गावी परत येतंय. दिवा दिसला की बसलेले लोक उठून उभे राहतात, लाँच पाण्याच्या मध्यावर इंजिन बंद करून थोडी थांबते, आणि उभं राहता राहता प्रत्येक जण शेजारच्याला विचारतो, "कोणाचं?"

दाजी, तुम्हाला आणलं तेव्हा मी लाँचवर होते, तुमच्या पायांशी. काठावर हा शब्द कुणी उच्चारला ते मला ऐकू आलं नाही. पण उच्चारला असणार. तुम्ही असता तर म्हणाला असता, "इचारनारच की. मानसाला चौकशा पायजेतच."

अजून महिनाही झाला नाही. तुमचा हत्यारांचा पत्र्याचा डबा उंबऱ्याजवळ तसाच आहे. ताई तो ओलांडून आत-बाहेर करते, उचलत नाही. परवा मी उघडून बघितला. पक्कड, टेस्टर, चिकटपट्टीची रिळं, आणि कागदात गुंडाळलेला अर्धा शेंगदाण्याचा लाडू. मुंग्या लागल्या होत्या. मी मुंग्या झटकल्या आणि लाडू परत आत ठेवला. का ठेवला, ते मला विचारू नका.

आपल्यात थट्टा कमी आणि भांडणं जास्त झाली. मेव्हणी आणि दाजी म्हटल्यावर लोकांना उलटं वाटतं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वेल्ह्याच्या बाजारात आमचे वडील, अण्णा, पत्रकं वाटायचे आणि मी त्यांच्या मागं गठ्ठा छातीशी धरून उभी असायचे. अक्षरं मी पत्रकांच्या मथळ्यांवरून शिकले, त्यामुळं 'आई' लिहायच्या आधी मला 'निषेध' लिहिता येत होतं. ही गोष्ट ताईनं लग्नाआधीच तुम्हाला सांगून टाकली असावी, कारण मांडवात तुम्ही मला पहिली हाक मारली तीच "पत्रकबाई" अशी. मी रुसले. तुम्ही ती हाक सोडली नाहीत. आता कुणी मला नुसत्या नावानं हाक मारली, की ती हाक अर्धीच आल्यासारखी वाटते.

लाँचवरून आपलं पहिलं भांडण झालं ते किकवीला, तुमच्या दुकानात. हायवेच्या कडेला टेम्पो आणि ट्रॅक्टर यांचं वायरिंग करणारे तुम्ही, एका टेम्पोच्या बॉनेटमध्ये डोकं घालून होता. लाँच आधी सरकारी होती. खात्याला ती जड झाली तेव्हा काठावरच्या गावांनी भांडून ती चालवायला घेतली. पण आतली वायर न् वायर जुनी. हॉर्न वाजवला की दिवा मंदावायचा, दिवा लावला की तळातलं पाणी उपसणारा पंप बंद पडायचा. गावानं तुम्हाला विचारलं आणि तुम्ही लगेच "व्हय" म्हणालात. मला ते अजिबात पटलं नाही.

मी म्हणाले, "दाजी, लोकांना नवी लाँच मिळायला पाहिजे. तो त्यांचा हक्क आहे. तुम्ही जुन्या लाँचला ठिगळं लावून दिली की सरकार सुटलं. त्यापेक्षा मोर्चा काढू."

तुम्ही डोकं बाहेर काढलंत. नाकाला ग्रीस. "काढू की. पन मोर्च्याला लोकांनी यायचं कशातनं? लाँच लागंल का न्हाई?"

टेम्पोवाला हसला. मी पाय आपटत एसटी धरली आणि भोरला परत आले. पुढच्या रविवारी तुमच्याबरोबर लाँचमध्ये वायरी सोलत बसले होते.

उन्हाळ्यात पाणी मागं सरतं आणि लाँच चिखलाच्या भेगांत तिरकी बसते. लोखंडी केबिन तव्यासारखी तापायची. आपण सकाळी लवकर सुरू करायचो आणि पत्र्याला हात लावेनासा झाला की बाभळीखाली येऊन बसायचो. आतून काय काय निघालं ते आठवतंय का? वायरीवरचं प्लास्टिक हात लावला की पापडासारखं मोडायचं. प्रत्येक ड्रायव्हरनं आपल्या काळात जी सापडेल ती वायर जोडलेली. एका फ्यूजच्या जागी केसातला आकडा होता. तुम्ही तो ताईला नेऊन दिलात, "तुला हवा होता न्हवं" म्हणून. आणि तो जुना वायरलेस संच, कधीच मुका झालेला. त्याच्या आत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. मला तो फेकून द्यायचा होता. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे वं, हितं एवढी एकच रहिवासी हाय भाडं न देनारी," आणि संच तसाच अलगद उचलून बाभळीच्या बेचक्यात ठेवलात.

आणि मग ती चूक, जी फक्त आपणच करू शकलो असतो.

टेम्पोत दिव्याला एकच तार जाते. वीज परत येते ती गाडीच्या पत्र्यातून. तुमचे हात आयुष्यभर हेच करत आले होते. लाँचही लोखंडाचीच, मग काय प्रश्न? तुम्ही सगळी लाँच टेम्पोसारखी जोडलीत. नवे दिवे, नवा पंप, नवा हॉर्न, सगळं एका तारेवर, आणि परतीला लाँचचा पत्रा. बटण दाबलं आणि सगळं एकदम लागलं. गावानं टाळ्या वाजवल्या. मी पत्रक काढलं: लोकांच्या हातांनी उभी राहिलेली लोकांची लाँच. भोरच्या एसटी स्टँडवर मी ते स्वतः वाटलं.

एक पावसाळा गेला. पुढच्या उन्हाळ्यात पंप बंद पडला म्हणून तुम्ही तळाशी उतरलात. पंपाच्या बोल्टाभोवती नखानं खरवडलंत तर लोखंडाचे पापुद्रे हातात आले. मग बाभळीखाली बसून मोबाईलवर कोकणातल्या एका होडीवाल्याचा व्हिडिओ बघितलात, परत परत बघितलात, आणि स्वतःच्या कपाळावर हात मारलात.

"आगं, ही पान्यात उभी ऱ्हाती. हिच्या पत्र्यातनं वीज खेळवली तर पत्रा गंजनार न्हाई तर काय व्हनार? हिला परतीची तार बी येगळी पायजे. म्या टेम्पो समजून जोडली. पान्यात टेम्पो सोडला म्या."

मी म्हणाले, आता गुपचूप बदलून टाका, कुणाला कशाला सांगायचं. तुम्ही त्याच संध्याकाळी पारावर सगळ्यांसमोर सांगितलंत. लोक पोट धरून हसले. तेव्हापासून आमच्या काठावर लाँचला टेम्पो म्हणतात. "टेम्पो आला का?" असं विचारतात आणि परक्या माणसाला काही कळत नाही.

मला म्हणालात, "पत्रकबाई, पत्रकात दुरुस्ती छाप."

"पत्रकात दुरुस्ती छापत नाहीत, दाजी."

"म्हनून तुमची पत्रकं गंजत्यात."

मला फार लागलं ते. अजून लागतं. पण आता ते लागणंही मी जपून ठेवलं आहे.

मग दुसरा सगळा उन्हाळा आपण केलेलं उपसण्यात गेला. प्रत्येक दिव्याला दोन तारा, लाल जाणारी आणि काळी परत येणारी. प्रत्येकाला आपापला फ्यूज. तुम्ही टोकं सोलायचा, मी काळी चिकटपट्टी गुंडाळायचे. खोली दाखवणारं ते छोटं यंत्रही त्याच वर्षी बसवलं. पाणी चढल्यावर पहिल्या फेरीला आपण दोघं त्याच्या पडद्याकडं डोळे लावून बसलो होतो. जुन्या बुडालेल्या गावावरून जाताना तळाची रेघ एकसारखी सपाट दिसायला लागली. तुमच्या आजीनं सांगितलेलं गाव. तुम्ही बोट ठेवून दाखवलंत, ही वरची आळी, ही मधली, आणि ही इकडं नदीकडची, गावकुसाबाहेरची, आपली.

"बग," तुम्ही म्हणालात, "पान्याला काय बी सांगावं लागलं न्हाई. समद्यांना एकाच मापानं बुडवलं."

हे वाक्य मी पत्रकात घालणार होते. तुम्ही नको म्हणालात. आज घातलं.

पण आपलं खरं भांडण झालं ते पुढच्या दिव्यावरून, आणि ते तुम्ही अर्ध्यावर टाकून गेलात.

तुम्ही त्या दिव्याची तार थेट बॅटरीवरून काढली होती. चावी बंद असली, इंजिन बंद असलं, तरी दिवा चालू राहील अशी. आणि त्याचं बटण ड्रायव्हरच्या केबिनमध्ये न ठेवता बाहेर, दाराच्या खांबावर बसवत होता. चढता-उतरता कुणाचाही हात पोचेल अशा उंचीवर. लाँच चालवणारे बापू वैतागले.

"बाहीर कशाला? कुनीबी येऊन चालू करंल."

"त्येच्यासाठीच की, बापू," तुम्ही स्क्रू पिळत म्हणालात.

बापू पुटपुटत गेले. आणि मग वायर सोलता सोलता तुम्ही मला ते सांगितलंत, हसत हसत, जसं दुसऱ्या कुणाचं सांगावं. तुमच्या वडलांना भोरहून आणलं तेव्हा लाँच हीच होती आणि ड्रायव्हरही बापूच. तुम्ही म्हणालात, बापू, दिवा. बापू म्हणाले, बल्ब गेलाय. लाँच मध्यावर थांबली नाही. काठावर कुणी उठलं नाही, कारण कुणाला कळलंच नाही. त्याच आठवड्यात वरच्या आळीतलं एक मयत आलं. दिवा लागला होता.

मी उठून उभी राहिले होते. माझ्या हातातली वायर मी फेकली. मी म्हणाले, "आणि तुम्ही त्याच दिव्याला नवी तार घालताय? मोडून टाका ही रूढी. जो मान कुणाच्या हातून मिळतो तो त्याच हातानं नाकारता येतो. असला मान आपल्याला नको."

"मान नको म्हनून कसं चालंल? उबं ऱ्हान्यात वाईट काय हाय? समद्यांसाठी ऱ्हावा की. म्हनून तर बटन बाहीर."

"बटण बाहेर आणता येईल, दाजी. लोकांचे गुडघे कसे आणाल? त्यांना ज्याच्यासाठी उठायचं त्याच्यासाठीच ते उठतील."

तुम्ही पक्कड खाली ठेवलीत. मग म्हणालात, "ते तू लिव. वायरिंग माझ्याकडं, गुडगं तुझ्याकडं. एक पत्रक काढ, दिवा दिसला की समद्यांनी उबं ऱ्हावं म्हनून."

मी म्हणाले, मी रूढीसाठी पत्रक काढणार नाही.

"बरं. आसू दे," तुम्ही म्हणालात, आणि उरलेला स्क्रू पिळलात.

त्यानंतर आपण हा विषय चार-पाचदा काढला. जेवताना, लाँचवर, एकदा उत्रोलीच्या रस्त्याला तुमच्या बाईकवर वाऱ्यात ओरडत. दर वेळी तुमचं शेवटचं वाक्य तेच, "मग पत्रक कधी?" आणि दर वेळी माझं, "कधीच नाही." मला वाटायचं, हे भांडण आपण म्हातारे होईपर्यंत चालेल. मी त्याची सोय करून ठेवली होती. नवे मुद्दे जमवून ठेवले होते. ते अजून माझ्याकडं आहेत, दाजी. त्यांचं मी काय करू?

पुण्याहून तुम्हाला आणलं तेव्हा भाटघरचं पाणी काठोकाठ होतं. धक्क्यावर लाँच उभी. मी ताईला धरून चढले. वर पाय ठेवताच माझ्या मनात एकच आलं, की बापू आता काय म्हणतात बघू. आज बल्ब गेला म्हणाले, तर मी काय करीन ते मलाच माहीत नव्हतं. आणि मी, रूढी मोडायला निघालेली मी, खांबाकडं वळले आणि बटणाला हात घातला.

बटण आधीच दाबलेलं होतं.

कुणी दाबलं ते मला माहीत नाही. माझ्या पुढं तुम्हाला उचलून आणणारे होते, ताईची जाऊ होती, शाळेतून परतणाऱ्या मुली होत्या, दुधाचे रिकामे कॅन घेऊन आलेला एक जण होता. त्यातल्या कुणाचाही हात पोचला असेल. तुम्ही तेवढ्या उंचीवरच बसवलं होतं.

मध्यावर बापूंनी इंजिन बंद केलं. इंजिनाबरोबर विझायचा तो जुना दिवा. तुमचा चालूच राहिला. लाँच पाण्यावर नुसती हलत होती. बापू केबिनमधून बाहेर आले, टोपी काढली आणि तुमच्याकडं न बघता पाण्याकडं बघत उभे राहिले. पलीकडच्या काठावर एकेक करून लोक उठताना दिसले. गुरांमागचा माणूस काठी जमिनीला टेकून उभा राहिला. धुणं धुणाऱ्या बायका गुडघाभर पाण्यात सरळ झाल्या. ताई माझ्या कानाशी म्हणाली, "बघ गं. बघ ना." मी बघत होते, दाजी. तुमच्या वडलांसाठी जे झालं नाही ते मी तुमच्यासाठी होताना बघितलं. मला त्यातला मान दिसला आणि त्याच वेळी तुमच्याशी भांडायची इतकी तीव्र इच्छा झाली की मी तोंडात पदर कोंबला. मला तुम्हाला विचारायचं होतं, हे लोक तुमच्यासाठी उठले, की लाँच दुरुस्त करून देणाऱ्यासाठी? बापूंनी टोपी माणसासाठी काढली, की मिस्त्रीसाठी? मला उत्तर नको होतं. मला फक्त तुमचं "आगं" ऐकायचं होतं.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर मी ताईकडंच राहिले आहे. मागच्या आठवड्यात भोरला जायला म्हणून धक्क्यावर बसले होते. पलीकडून लाँच निघाली आणि कुणीतरी म्हणालं, दिवा हाय. आम्ही सगळे उठलो. मीही उठले. आणि माझ्या शेजारचा म्हणाला, "कोणाचं?"

एकाच्या मोबाईलवर निरोप आला होता. "वरच्या वाडीवरची. धनगराची म्हातारी."

तिला मी ओळखत होते. शेळ्या घेऊन उतरायची, आपण चिखलात काम करत असताना बाभळीखाली आपल्याबरोबर बसायची. तुम्ही तिला लाडू द्यायचा आणि ती तो कनवटीला बांधून न्यायची.

दाजी, दोघं-तिघं खाली बसले. कुणाचा अपमान केला नाही. नुसतं "आस्सं" म्हणून खाली बसले, जसं आपली एसटी नाही म्हटल्यावर माणूस परत बाकावर बसतो. त्यातला एक वरच्या आळीतला होता. एक आपल्या आळीतला. आपल्या. तुमच्या वडलांसाठी कुणी उठलं नाही हे ज्याला घरचं दुःख म्हणून माहीत आहे, असा.

लाँच मध्यावर थांबली. दिवा तसाच जळत राहिला. मी त्याला म्हणाले, "उठा ना." तो म्हणाला, "आपल्या वळकीची न्हाई गं." मी भांडले. धक्क्यावर, मयत समोर असताना, मोठ्यानं. तो उठला नाही. माझं भांडण ऐकून काही लोक माझ्याकडं बघायला लागले आणि म्हातारीकडं कुणाचंच लक्ष राहिलं नाही. तेव्हा मी गप्प झाले आणि नुसती उभी राहिले.

तुम्ही तिथं असता तर काय केलं असतं, हे मी तेव्हापासून रोज विचारते. मला वाटतं, तुम्ही काहीतरी थट्टा केली असती आणि तो हसत उठला असता. मला ते येत नाही. मला पत्रक येतं.

तेव्हा हे घ्या, दाजी, तुमचं पत्रक. उशिरा काढलं. अजूनही मला ही रूढी पूर्ण पटलेली नाही, आणि तुम्ही परत आलात तर मी पुन्हा पहिल्या मुद्द्यापासून भांडायला तयार आहे. पण तुम्ही तुमच्या वाटणीचं काम केलंत, चुकलंत तर उपसून पुन्हा केलंत. माझ्या वाटणीचं राहिलं होतं. ते माझ्या एकटीनं होणार नाही, म्हणून वाचणाऱ्यांकडं मागते.

तुम्ही कधी भाटघरच्या काठावर असाल, कामाला निघालेले असाल, घाईत असाल, आणि दिवसाउजेडी दिवा लावून लाँच येताना दिसली, तर उभे राहा. आणि ती धक्क्याला लागेपर्यंत 'कोणाचं' हा शब्द तोंडातच धरून ठेवा.